दांडी ओढली, पण गाडी हलेना!

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. जीपला चाकं किती?

तुम्ही हसाल. म्हणाल, "गुरुजी, चार! आणि पाठीमागं अडकवलेलं धरलं तर पाच."

शाब्बास. आता दुसरा प्रश्न. या चार चाकांपैकी गाडीला पुढं नेणारी चाकं किती?

इथं माझ्या वर्गात दरवर्षी शांतता पसरते. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "चारच की!" पण तसं नसतं. बहुतेक गाड्यांत दोनच चाकं ओढायचं काम करतात. उरलेली दोन नुसती सोबत फिरतात. मला स्वतःला हे पुस्तकातून कळलं नाही. भर पावसात, गुडघाभर चिखलात उभं राहून कळलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

२०११ सालचा जुलै महिना. माझी नोकरी नवीन होती. शाळा अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला. आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. जामखेड-पाथर्डीकडची माणसं पाऊस कधी येतोय म्हणून आभाळाकडं बघतात, आणि घाटघर-रतनवाडीकडची माणसं तो कधी थांबतोय म्हणून! भाताची आवणी चालली होती. शाळा सुटल्यावर तिसरीतला एक मुलगा खाचराच्या बांधावरून घरी निघाला आणि त्याच्या पायाला काहीतरी चावलं. गवतात सळसळत गेलेलं त्यानं पाहिलं होतं.

कुणी म्हणालं पाय करकचून बांधा, कुणी म्हणालं चावल्या जागी चीर द्या. मी म्हणालो, यातलं काही करायचं नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही आणि थेट राजूरचा सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली. तेव्हा ती नव्हती. गावात होती एक जुनी जीप. तिच्या मालकाला लहानथोर सगळे मामा म्हणायचे. मामांनी हातातलं जेवण टाकलं आणि जीप काढली.

ओढ्याच्या अलीकडं उतार संपतो, तिथं रस्ता सगळा चिखलानं भरला होता. जीप त्यात शिरली आणि बसली. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. चिखलाचे फवारे उडाले. पुढची चाकं मात्र स्वस्थ उभी, जणू त्यांचा या भानगडीशी काही संबंधच नाही!

गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात, हे मी पाहिलेलं होतं. मी ओरडलो, "मामा, ती छोटी दांडी ओढा ना! चारी चाकं लागतील."

मामांनी दांडी ओढली. इंजिन गुरगुरलं, पण पुढची चाकं तशीच उभी. मामांचा चेहरा पडला. खाली मान घालून ते म्हणाले, "गुरुजी, पुढचा शाफ्ट काढून ठेवलाय मी. डिझेल लई खात होती."

मुलगा माझ्या मांडीवर होता. त्याचा पाय सुजत चालला होता.

खाचरातली माणसं आवणी टाकून धावली. चाकांखाली दगड घातले, करवंदीच्या फांद्या तोडून टाकल्या, एकानं बैलजोडी आणून पुढं दोर बांधला. माणसांनी मागून रेटा दिला, तेव्हा कुठं जीप निघाली. पाऊण तास गेला होता. राजूरला पोचलो. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. मामा दवाखान्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. कितीतरी वेळ ते एक शब्द बोलले नाहीत.

पोरगं वाचलं. पंधरा दिवसांनी वर्गात येऊन बसलंसुद्धा. पण तो पाऊण तास मी विसरलो नाही, आणि मामाही विसरले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाजेखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला शाफ्ट बाहेर काढला आणि मला म्हणाले, "चला गुरुजी, संगमनेरला. मिस्त्रीला विचारू, याचं खरं काय करायचं असतं."

एका बैलाची गाडी

मिस्त्री हाडाचा शिक्षक निघाला. आधी त्यानं मला जीपखाली वाकून बघायला लावलं. इंजिन पुढं असतं. त्याच्यामागं गिअरची पेटी. जीपमध्ये या पेटीला चिकटून आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून लोखंडाच्या दोन लांब नळ्या निघतात. एक मागच्या चाकांकडं जाते, एक पुढच्या. या नळ्या म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत पोचवायचं काम त्या करतात. छोटी दांडी मागं-पुढं केली की पुढचा शाफ्ट इंजिनाला जोडला जातो किंवा सुटतो. दुसरी छोटी दांडी वेग कमी करून जोर वाढवते.

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, गाडीला दोन बैल जुंपले आणि त्यातला एक नुसता बरोबर चालला, तर काय होईल?"

मी म्हणालो, "सपाट रस्त्यावर चालेल. चढाला आणि चिखलात अडेल."

"हेच ते! जीपचा पुढचा भारसुद्धा कमी नसतो. त्या भारानं पुढची चाकं जमिनीला घट्ट धरून असतात. पण फिरकीच पोचली नाही, तर त्या पकडीचा उपयोग काय?"

मग तो मामांकडं वळला. "मामा, तुम्ही शाफ्ट काढलात, पण डिझेल वाचलं ते थोडंसंच. रस्त्यावर चाकं फिरतात ना? ती पुढच्या ॲक्सलचे दांडे आणि दाते फिरवतच होती. वाचला तो फक्त शाफ्टाचा फेरा. उन्हात छत्री जड होते म्हणून तुम्ही ती घरी टाकून आलात, आणि नेमका पाऊस आला. अहो, छत्री टाकायची नसते. मिटून काखेत धरायची असते!"

मग उघडीच का ठेवू नये?

इथं तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारेल, "गुरुजी, चारी चाकं ओढतात तर ती कायमच जोडून ठेवावीत. दांडीची भानगड हवीच कशाला?"

उत्तर तुमच्या शाळेच्या मैदानावर आहे. २६ जानेवारीचं संचलन आठवा. चार-चार मुलांच्या रांगा चालल्या आहेत आणि वळण आलं. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकत पळतो. तरच रांग सरळ राहते. गाडीचंही तसंच असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून ओढणाऱ्या दोन चाकांच्या मधोमध दात्यांची एक गुंफण बसवलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती एका चाकाला म्हणते, तू जरा हळू चाल, आणि दुसऱ्याला म्हणते, तू पळ.

हे झालं डाव्या-उजव्या चाकांचं. पण पुढच्या आणि मागच्या चाकांचं काय? ती तरी सारखंच अंतर चालतात का? यासाठी एक प्रयोग करा. सायकलची दोन्ही चाकं पाण्यातून काढून ओली करा आणि कोरड्या फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर एक गोल चक्कर मारा. दोन ओल्या रेघा उमटतील. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून गेलेली दिसेल, मागच्याची आतून. म्हणजे वळताना पुढचं चाक नेहमीच जास्त चालतं!

किती जास्त? मोठ्या वर्गातल्या मुलांनी वही घ्या. जुन्या विलीज जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे साधारण २ मीटर. समजा, मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे. पायथागोरसच्या नियमानं पुढच्या ॲक्सलच्या मध्याची त्रिज्या काढा. ५ चा वर्ग २५, २ चा वर्ग ४, बेरीज २९, तिचं वर्गमूळ सुमारे ५.३८. आता परीघ काढा. मागचा ३१.४ मीटर आणि पुढचा ३३.८ मीटर. एका चकरेत जवळजवळ अडीच मीटरचा फरक!

जीपची छोटी दांडी ओढली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मग हा अडीच मीटरचा फरक जाणार कुठं? चिखलात, वाळूत किंवा ओल्या गवतात चाक थोडं घसरतं आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टायर घसरायला तयार नसतो. मग धुणं पिळावं तसा शाफ्टांना आणि दात्यांना पीळ बसतो. गाडी वळायला जड होते, टायर झिजतात, आणि पीळ फार बसला तर दांडी परत मागं येतच नाही! जाणते चालक अशा वेळी गाडी थोडी मागं घेतात. पीळ सुटतो आणि दांडी अलगद येते.

म्हणून या पद्धतीला म्हणायचं पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह. चारी चाकं जोडायची, पण गरज असेल तेवढाच वेळ.

कायमची चार चाकं

काही गाड्यांत दुसरी युक्ती असते. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधोमध आणखी एक, तिसरं डिफरन्शियल बसवतात. मग पुढची चाकं वळणावर खुशाल जास्त चालू शकतात, पीळ बसत नाही. चारी चाकं बारा महिने तेरा काळ ओढतात. हिला फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह म्हणतात. १९७० साली आलेली ब्रिटनची रेंज रोव्हर अशीच होती.

पण डिफरन्शियलचा एक मोठा दुर्गुण आहे. वर्गातली काही मुलं कशी, अवघड गणित सोडून सोप्याकडं पळतात! डिफरन्शियलही फिरकीला सगळ्यात सोपी वाट देतं. एक चाक निसरड्या चिखलात गेलं की सगळी फिरकी त्या एकाच चाकाकडं पळते. ते गरागरा फिरतं आणि घट्ट जमिनीवरची बाकीची तिन्ही चाकं उभीच राहतात. म्हणून अशा गाड्यांत मधलं डिफरन्शियल गरजेला बांधून टाकायची, म्हणजे लॉक करायची सोय ठेवतात.

अशी फुल-टाइम गाडी जुनी झाली की काही हौशी लोक तिला पार्ट-टाइम करून घेतात. का? कारण पुढचा शाफ्ट, दाते, सांधे कायम फिरून झिजतात, आणि मधलं डिफरन्शियल खराब झालं तर दुरुस्ती महागात पडते. हे रूपांतर करताना तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, मधलं डिफरन्शियल काढून त्या जागी ठोस जोड बसवायचा, किंवा ते कायमचं बांधून टाकायचं. दुसरी, पुढचा शाफ्ट शाबूत ठेवायचा. तिसरी, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध फ्री व्हील हब बसवायचे. म्हणजे चाक आणि आतला दांडा यांच्यामधलं कुलूपच! ते फिरवून उघडलं की चाक मोकळं फिरतं. आतले दांडे, दाते आणि शाफ्ट स्वस्थ बसतात. कुलूप लावलं की चाक पुन्हा ओढायला जुंपलं जातं.

यातली पहिली गोष्ट विसरून एखाद्यानं मामांसारखा नुसता शाफ्ट काढला तर? मामांची जीप मुळात पार्ट-टाइम होती, म्हणून ती डांबरीवर तरी चालत राहिली. फुल-टाइम गाडीत मात्र सगळी फिरकी त्या रिकाम्या बाजूनं पळून जाईल आणि गाडी जागची हलणार नाही. सोपी वाट दिसली की डिफरन्शियल ती सोडत नाही!

असा बदल खुद्द एका नामांकित कंपनीनंही केला होता. १९४८ साली ब्रिटनमध्ये पहिली लँड रोव्हर निघाली, तेव्हा तिची चारी चाकं कायम जोडलेली असत. पुढच्या बाजूला सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना होती, म्हणजे वळणावर पुढची चाकं मोकळेपणानं पुढं पळत. पण १९५० साली कंपनीनं ती योजना बदलली आणि जोडायची-सोडायची सोय चालकाच्या हातात दिली. गंमत बघा, आज तीच लँड रोव्हर आपल्या टाटांकडं आहे. २००८ साली टाटा मोटर्सनं ती विकत घेतली.

आणि आपली जीप? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या सगळ्या दांडीवाल्या, म्हणजे पार्ट-टाइम. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीप भारतात आणली. आज नाशिकला बनणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह थारमध्येही गिअरच्या दांडीशेजारी छोटी दांडी दिसते. तिच्यावर तीन मुख्य खुणा असतात. टू एच म्हणजे दोन चाकं, फोर एच म्हणजे चार चाकं नेहमीच्या वेगानं, आणि फोर एल म्हणजे चार चाकं हळू पण भरपूर जोरानं.

नगरचं नातं

या विषयाचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं जवळचं आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. या नगरला डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. तिला सगळे व्हीआरडीई म्हणतात. लष्कराच्या गाड्यांवर तिथं संशोधन होतं. शिवाय वाहनं नियमात बसतात की नाही, हे तपासून दाखला देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ती मोडते. सहलीला नगरला गेलात तर १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही बघा. चिखलात चाक रुततं, मग रणगाडा का रुतत नाही, याचा विचार त्याच्या लांबरुंद पट्ट्याजवळ उभं राहून करा.

आणि एवढ्या लांब कशाला? श्रीरामपूर, राहुरी, कोपरगावच्या मुलांनी ऊस वाहणारा ट्रॅक्टर पाहिलाच असेल. त्यातल्या काही ट्रॅक्टरांची पुढची चाकंही ओढतात. भिजलेल्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना चालक पुढची चाकं जोडतो, आणि डांबरीला लागला की सोडतो. का सोडतो, हे आता तुम्ही त्याला सांगू शकाल!

पालकांसाठी दोन शब्द

घरात अशी गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर पावसाळ्यापूर्वी एकदा पुढची चाकं जोडून, मऊ मातीत चालवून पाहावी. वर्षभर न वापरलेली दांडी नेमकी गरजेच्या दिवशी अडकते. एखाद्याच्या सांगण्यावरून गाडीतला भाग काढून ठेवू नये. मोठा बदल करायचाच असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारावं. नोंदणीच्या पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. नव्या गाड्यांत तर चाकांची फिरकी संगणक सांभाळतो. तिथं हात घालूच नये.

आता मामांच्या जीपचं काय झालं ते सांगतो. मिस्त्रीनं शाफ्ट पुन्हा जोडला, सांध्यांना ग्रीस भरलं आणि पुढच्या चाकांना फ्री व्हील हब बसवले. पावसाळाभर मामा रोज सकाळी गावातून निघाले की ओढ्याच्या अलीकडं थांबायचे. खाली उतरायचे, दोन्ही हबांना कुलूप लावायचे, दांडी ओढायचे आणि चिखल पार करायचे. पलीकडं डांबरी लागली की पुन्हा उतरायचे आणि सगळं सोडायचे. गाडीतली माणसं कुरकुरायची, "मामा, कशाला रोज भिजता?"

मामा काही बोलायचे नाहीत. एकदा मात्र त्याच तिसरीतल्या मुलानं विचारलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "बाळा, छत्री उघडतोय."

मुलगा म्हणाला, "पण मामा, तुम्ही तर भिजलात!"

सगळी जीप हसली. मी हसलो नाही. मी पुढच्या चाकांकडं बघत होतो. ती चिखल कापत सरळ चालली होती.